खुंटीवरचा बॅज

६ जानेवारी

प्रिय कोपरू,

मामाचे आशीर्वाद आणि एक हलकी टपली. टपली अशासाठी की तुझं पोस्टकार्ड मिळालं, त्यात एकूण पाच ओळी आणि त्यातल्या तीन पत्त्याच्या. तू म्हणतेस, पत्रं कशाला, फोन करत जा. अगं, फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणतेस, मी ‘बरं आहे’ म्हणतो, आणि दोघंही खोटं बोलून मोकळे होतो. पत्रात खोटं बोलायचं तर निदान बसावं लागतं.

अक्षर बघून हसशील. बोराएवढं झालंय, आणि एक ओळ सोडून लिहितोय. पहिलीच्या बाईंनी असंच शिकवलं होतं. त्यानंतर चौतीस वर्षं एक्स-रेच्या फिल्मवर पेशंटचे नंबर मुंगीएवढे लिहिले, तेव्हा हात आखडला होता. आता सैल सोडलाय.

दिवस लांब असतात. सकाळी दोन कप चहा करतो, त्यातला एक तुझी मामी गेल्यापासून मीच पितो. दुसरा कप वापरायचा नाही असं ठरवलं होतं, पण न वापरलेला कप फळीवर फार उठून दिसतो. दुपारी खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हणतो. सगळ्या पुऱ्या आठवत नाहीत, चाल तेवढी आठवते. आमचे मास्तर टेबलावर पट्टीनं ठेका धरायचे. ल गा गा, ल गा गा. शब्द विसरलात तरी चालेल, म्हणायचे, ठेका सोडू नका. आता कळतं त्यांना काय म्हणायचं होतं. किंवा नसेलही, आपण म्हातारपणी मास्तरांना उगाच शहाणे करतो.

तू तिथे नक्की काय करतेस? वाचनालयातल्या बाईंना ‘पेरोव्स्काईट’ विचारलं तर त्या म्हणाल्या, लेखकाचं नाव काय? खाली औषधाच्या दुकानात विचारलं तर औषधवाली म्हणाली, संपलंय, उद्या येईल. तुझी आई असती तर तिनं मला एका वाक्यात सांगितलं असतं, चूक, पण एका वाक्यात. माझी ताईच तशी.

मार्चच्या मध्यावर तुला सुट्टी असते का? सहज विचारलं.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

टपली पोचली. अक्षरावर खरंच हसले. पाकिटावरचं अक्षर मात्र सुबक आहे आणि तुझं नाही. कोण ही? मला काही सांगण्यासारखं असेल तर सांग.

आता माझं काम, आईच्या वाटच्या एका वाक्यात: मी पेरोव्स्काईट म्हणजे शिशाचे नारिंगी स्फटिक वाढवते आणि त्यांच्यावर एक्स-रे सोडून ते किती आले हे त्यांनाच सांगायला लावते. चूक नाही. बघ, मी आईपेक्षा हुशार निघाले.

साखर कशी, पाक गार होताना दाणे धरते. हे उलट्या काळजाचे. गार पाण्यासारख्या द्रवात विरघळलेले असतात आणि हळूहळू तापवत नेलं की तळाशी एक ठिपका दिसतो. दोन दिवसांत तो नखाएवढा होतो, संत्र्याच्या गोळीसारखा, आरपार दिसणारा. शिसं असल्यामुळे तो एक्स-रे अडवतो. तू अंगावर ते जड शिशाचं एप्रन घालायचास, ते नुसतंच अडवायचं, बोलायचं नाही. हा अडवतो आणि वीज सोडतो. मी दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ लेप देते, तारा जोडते आणि ती वीज मोजते.

हे कशासाठी, तर कॅन्सरवर आता अशी यंत्रं येताहेत की सगळा डोस डोळ्याची पापणी लवायच्या आत देतात. एवढा मोठा झोत की मोजणारं उपकरणच दिपून जातं. मग पेशंटला किती मिळालं हे कोण सांगणार? माझा स्फटिक दिपत नाही. पण त्याचा एक दोष आहे. झोत बंद केला तरी तो वीज सोडतच राहतो. आतले कण जागा सोडून सरकलेले असतात. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पोरं बाकं बदलतात तसे, आणि मास्तर परत आले तरी आपापल्या जागी येत नाहीत. पुढचा झोत मोजायला जावं तर मागच्याची आठवण त्यात मिसळलेली.

तीन वर्षं झाली. सदतीस नंबरचा स्फटिक सगळ्यांत गुणी आहे, पण तोही विसरत नाही. जिथून एक्स-रेचा सगळ्यांत जोराचा झोत निघतो, त्या मोठ्या गोल यंत्रावर मला १४ ते १७ मार्च असे चार दिवस मिळालेत. त्यात तो स्थिर राहिला नाही तर आमच्या प्रयोगशाळेच्या बाई हे काम बंद करून मला दुसऱ्या कशावर तरी लावणार. तेव्हा मार्चमध्ये सुट्टी नाही. का विचारलंस?

इथे तळघरात आम्ही सगळे गळ्यात तो किती एक्स-रे लागले ते टिपणारा बॅज घालून फिरतो. जेवायला मी एकटीच असते, बाकीचे घरी जातात. परवा बॅजशी बोलत होते. तुझी ती डोसची वही पाठवशील? चौतीस वर्षं आणि सगळी शून्यं, तू मिरवायचास ना. इथल्या पोरांना दाखवते. ही बॅज खिशात ठेवून हिंडतात.

तुझी,
कोपरू


२ फेब्रुवारी

प्रिय कोपरू,

मार्चचं सहजच विचारलं होतं. बरं झालं सहज विचारलं ते.

पाकिटावरचं अक्षर औषधवालीचं. तिला पत्ते लिहायची हौस आहे आणि माझ्या बोराएवढ्या अक्षरात तुझा पत्ता एका पाकिटावर मावत नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही. ती माझ्या निम्म्या वयाची आहे आणि माझ्यावर ओरडते.

तुझं पत्र चार वेळा ऐकलं, म्हणजे वाचलं. मोठ्यानं वाचायची सवय लागलीय, घरात आवाज होतो.

तुझ्या स्फटिकाचा दोष ऐकून मला हसू आलं, अगं, हा तर माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही अंगांना चमकणारे पडदे असायचे. एक्स-रे पडला की ते उजळायचे आणि त्या उजेडात फिल्म उठायची. पण जुने पडदे लवकर विझायचे नाहीत. एकदा एका बाईंच्या छातीच्या फोटोत मधोमध कुणाचा तरी हात आला. पाच बोटं, स्पष्ट. डॉक्टर घाबरले. मी म्हटलं, साहेब, हा आधीचा पेशंट आहे, सुताराचा हात, अजून गेला नाही. तेव्हापासून मी तीन कॅसेट आलटून पालटून वापरायला लागलो. एकीला जोराचा झोत बसला की तिला चोवीस तास अंधाऱ्या कपाटात ठेवायचो आणि वर खडूनं लिहायचो: विश्रांती. नवीन आलेले हसायचे. पण हात पुन्हा आला नाही.

तुझ्या सदतीसला कपाटात ठेवून बघ. घाई करू नकोस. आपल्याला वाटतं विसरायला काहीतरी करावं लागतं. बहुतेक वेळा काही करायचं नसतं.

वही पाठवतोय. तिच्यात एक बॅजही सापडला, माझ्या शेवटच्या महिन्याचा. निवृत्तीच्या गडबडीत जमा करायचा राहिला. तोही घे, जुन्या माणसाची वस्तू.

इथे सगळं ठीक. जिन्यातले बल्ब फार कमजोर झालेत आणि वर्तमानपत्रवाले हल्ली शाई वाचवतात.

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

चिडून लिहितेय, आधीच सांगते.

सदतीसला एक रात्र डब्यात ठेवला. थोडा सुधारला, अगदी थोडा. यापेक्षा जास्त ठेवायला मला वेळ कुठाय. रोज काहीतरी मोजून दाखवावं लागतं. पण ते जाऊ दे.

आमच्याकडे डार्करूमवाले काका आहेत, तुझ्यासारखेच, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. तुझा तो शेवटचा बॅज त्यांना दिला, म्हटलं, गंमत म्हणून आतली फिल्म धुऊन बघा. त्यांनी धुतली, उजेडासमोर धरली आणि मला हाक मारली. फिल्म जुनी झाली म्हणून सगळीकडे सारखी राखाडी. एवढंच. बॅजमध्ये धातूच्या पट्ट्या असतात, एक्स-रे लागला असता तर त्यांच्या सावल्या पडल्या असत्या. एकही नाही. काका म्हणाले, हा बॅज खोलीत कधी गेलेलाच नाही, बाहेर टांगलेला होता.

मग वही पुन्हा उघडली. बारा महिने गुणिले चौतीस. काका म्हणाले, इतकी वर्षं कामाला असलेल्या माणसाचं एखाद्या महिन्यात तरी थोडंफार येतंच. तुझं कधीच नाही. मी ही वही मिरवत फिरले. खोटारडा आहेस तू. लहानपणी मला सांगायचास, बॅज म्हणजे आपली सावली, कधी उतरवायची नाही. ते ऐकून मी या धंद्यात आले.

बॅज कुठे असायचा, मामा? आणि का?

कोपरू


१ मार्च

प्रिय कोपरू,

खुंटीवर. एक्स-रेच्या खोलीबाहेर भिंतीला तीन खुंट्या होत्या. पहिलीवर कोट, दुसरीवर छत्री, तिसरीवर बॅज.

आता का ते. घाईनं सांगितलं तर सबब वाटेल, म्हणून बसून सांगतो.

लहान मुलाचा फोटो काढायचा तर कुणीतरी त्याला धरावं लागतं. नियम असा की आईबापांपैकी एकानं एप्रन घालून धरायचं आणि आमच्यासारख्यांनी शिशाच्या पडद्याआड उभं राहायचं. आईबाप एकदा येतात, आम्ही रोज असतो. नियम बरोबर होता. पण आयांचे हात थरथरायचे. काहींच्या पोटात दुसरं असायचं. मूल हलायचं, फोटो बिघडायचा, पुन्हा काढावा लागायचा, म्हणजे पोराला दुप्पट. एकदा मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा, मी धरतो. बटण दाबायला नर्स होती. मूल हललं नाही, फोटो एका झटक्यात आला. मग ती रीतच पडली. महिन्याभरात ऑफिसातून विचारणा आली, तुमच्या बॅजवर इतकं कसं? पुन्हा आलं तर तुम्हाला फायलींच्या खोलीत बसवू. त्या दिवसापासून बॅज खुंटीवर. तो पहिला आकडा वहीत चढायच्या आत मी साहेबांच्या हातापाया पडून शून्य करून घेतला होता. वहीतलं पहिलं शून्यसुद्धा खरं नाही, बघ.

शिशाचे हातमोजेही काढून टाकले. पोरं त्या काळ्या पंजाला भ्यायची. हात मोकळा लागतो, पोराला हात कळतो. एक ओळ रचली होती भुजंगप्रयातात. ती संपेपर्यंत श्वास रोखायचा असं सांगायचो.

जरा थांब बाळा, जरा श्वास रोखी
तुझ्या कोपराची बघू गोष्ट चोखी

कधी कोपर, कधी गुडघा, तिथे वृत्त मोडायचं. मास्तर असते तर पट्टी बसली असती.

तू सहा वर्षांची होतीस. झाडावरून पडलीस, उजवं कोपर. ताई तुला घेऊन धावत आली आणि एप्रनसाठी हात पुढे केला. मी तिला बाहेर घालवली. तिचे हात थरथरत नव्हते, कोपरू. तुझ्या आईचे हात कधी थरथरले नाहीत.

इथवर सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि तरी ते कारण नाही. आम्हाला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. दिवसाला दोन, कधी चार पोरं माझ्या कुशीत यायची. घट्ट धरावं लागायचं. रडून दमलेलं पोर शेवटी मान टाकतं, ती खांद्यावर पडते. मला धरायला आवडायचं. संध्याकाळी दार उघडताना मामी विचारायची, आज किती? मी बोटं दाखवायचो. मग ती माझ्या सदऱ्याचा वास घ्यायची. लहान मुलांचा वास कपड्यात राहतो. सदरा ती दुसऱ्या दिवशी धुवायची.

चौतीस वर्षं मी लोकांची पोरं चोरून धरली. आता तुला जे म्हणायचं ते म्हण.

तुझ्या चार दिवसांना माझे आशीर्वाद. मन लावून काम कर. माझी काळजी करण्यासारखं काही नाही.

मामा


३ मार्च

ताई,

तुमची माझी ओळख नाही, तरी तुमचा पत्ता मला तोंडपाठ आहे. मी खालची औषधवाली.

मामांना न विचारता लिहितेय, त्यांना कळलं तर दुकान बदलतील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पार पिकलाय. वर्षभर चालढकल केली. आता १५ मार्चची तारीख मिळालीय. दवाखान्यात सांगितलं, नात्यातलं माणूस सोबत पाहिजे, ऑपरेशननंतर आठवडाभर दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात, वाकायचं नाही, पाणी लावायचं नाही. मामा म्हणाले, माझी भाची येणार आहे. जानेवारीपासून तेच सांगताहेत. मला मात्र काल म्हणाले, ती येत नाहीय, तू दवाखान्यात सांगू नकोस. मी एकटा जातो, आत गेल्यावर कोण बाहेर बघायला येतंय. मी स्वतः बसले असते, पण दुकानात मी एकटीच, आणि दवाखाना नात्यावर अडून बसलाय.

परवा माझ्या दुकानाच्या काचेला कपाळ आपटलं. रक्त आलं. वर मलाच म्हणतात, काच फार स्वच्छ ठेवतेस तू. लिहिताना ओळीखाली पट्टी धरतात, तरी ओळी एकमेकींवर चढतात. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. ते रागावलेलं पत्रही. त्यातला एक शब्द मी गाळला, माफ करा, माझ्या तोंडून निघेना.

तुम्ही मोठ्या कामात आहात असं ते सगळ्यांना सांगतात. मी सांगितलं, आता काय ते तुम्ही बघा.

औषधवाली


८ मार्च

मामा,

हे पत्र औषधवाली वाचून दाखवेल, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस आणि दुकान बदलू नकोस.

मी येतेय. १३ तारखेला संध्याकाळी पोचेन. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्र कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, माहीत आहे. माझे चार दिवस शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिले, तिनं आभार मानताना माझ्याकडे बघितलं नाही. पुढचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही.

सगळे स्फटिक काळ्या डब्यात बंद केले. डब्यावर खडूनं काय लिहिलं असेल ते ओळख.

तू मला का सांगितलं नाहीस, हे येऊन विचारते. पुन्हा चिडले नाहीय. म्हणजे चिडलेय, पण येतेय.

कोपरू


१२ एप्रिल

प्रिय मामा,

परत येऊन सोळा दिवस झाले आणि आज लिहायला बसले. डोळा कसा आहे? थेंब आता दिवसातून दोनदाच ना? गॉगल लावतोस की खिशात ठेवतोस?

इथे आल्यावर खोली उघडली तर जाताना धुवायचा राहिलेला कप तसाच होता. आठवडाभर तुझ्याकडे दर दोन तासांनी घड्याळ लावून उठायची सवय लागली होती. इथेही अधूनमधून घड्याळ नसताना जाग येते. उठून बसते. थेंब घालायला कुणी नसतं.

आता बातमी. परवा दुसऱ्या एका गटाचा पंप बिघडला आणि गोल यंत्रावर सहा तास मोकळे पडले. बाईंनी मला दारातूनच विचारलं, तुझं ते नारिंगी काही आहे का? एक महिन्यापूर्वी डबा बंद केला होता, तेव्हापासून मी त्याला हात लावला नव्हता. उगाच, मन होत नव्हतं म्हणून. सदतीस काढला. तारा जोडल्या, बाहेर आले, दार बंद, झोत सोडला. आलेख सरळ वर चढला आणि टेबलासारखा सपाट राहिला. झोत बंद केला. मामा, तो खाली आला. पार तळाला. एक्स-रे कधी पडलेच नव्हते असा.

पाच तास तसाच चालला. सहाव्या तासाला पुन्हा सरकायला लागला. आतली पोरं पुन्हा बाकं बदलायला लागली. तेव्हा जिंकले असं नाही. पण आता एवढं कळलं की दोष कायमचा नाही, त्याला पुरता वेळच कुणी दिला नव्हता. मीही नाही. तीन वर्षं मी त्याला रोज मारत होते आणि रोज विचारत होते, विसरलास का? बाईंनी सहा महिने वाढवून दिले. वहीत मी कारणाच्या जागी ‘विश्रांती’ लिहिलं, त्यांनी ते खोडून काहीतरी लांबलचक लिहिलं.

आलेख खाली आला तेव्हा आजूबाजूला बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. यंत्रावरचा माणूस म्हणाला, छान, आणि डबा खायला गेला. मग मी त्या पडद्यासमोर उभं राहून तुझी ओळ म्हटली. गुडघा घालून म्हटली, वृत्त मोडलं.

एक छोटी भानगड आहे. माझा बॅज हरवलाय. ऑफिसनं नवा दिला, पण अर्ज भरून मागताहेत. त्यात एक रकाना आहे, ‘कुठे हरवला’. पंधरा दिवस तो रिकामा ठेवलाय. तुझ्याकडे राहिला नाही ना?

तुझी,
कोपरू


२२ एप्रिल

प्रिय कोपरू,

अक्षर बघ. एकही ओळ सोडली नाही, आणि पाकीटही मीच लिहिलंय. औषधवाली हिरमुसली. तिला म्हटलं, तू आता काच थोडी मळकी ठेवलीस तरी चालेल.

तुझी बातमी मी स्वतः वाचली. आधी डोळ्यांनी, मग मोठ्यानं, कारण घराला सवय झालीय. सहाव्या तासाचं मनाला लावून घेऊ नकोस. पाच तास विसरणं फार झालं. मला कधी जमलं नाही.

मग तुझी जुनी सगळी पत्रं काढली आणि नव्या डोळ्यानं वाचली. त्यांतल्या एका पत्रात ‘खोटारडा’ हा शब्द पहिल्यांदाच भेटला. चांगल्या वळणदार अक्षरात आहे. औषधवालीला विचारलं, ती म्हणाली, मला तेव्हा ते अक्षर लागलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं होतं मी, तू बाहेर औषधं घ्यायला गेली होतीस तेव्हा. म्हटलं, हा मोतीबिंदू त्या पोरांचा का? ते म्हणाले, वयानंही होतो, कशामुळे झाला ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. काढलेलं भिंग बघायला मिळेल का विचारलं, तर म्हणाले, त्याचे तुकडे होतात. बरं झालं. मी ते जपून ठेवलं असतं.

आता सगळं स्पष्ट दिसतं. निळा रंग इतका निळा असतो हे विसरलो होतो. जिन्यातले बल्ब उत्तम आहेत. घर मात्र फार मळलेलं निघालं. दोन वर्षं मला वाटत होतं, मामी होती तेव्हासारखंच ठेवलंय मी. फळीवर धूळ, कपाच्या कानाशी चहाचे डाग. आरशातला माणूसही बराच म्हातारा आहे. आणि तुझी खुर्ची, जिच्यावर बसून तू थेंब घालायचीस, ती रिकामी आहे हे आधी अंदाजानं कळायचं, आता दिसतं. दुसरा डोळा जूनमध्ये. औषधवालीनं दवाखान्यात स्वतःचं नाव माझी पुतणी म्हणून लावलंय, तेव्हा तू डबा बंद करून धावत येऊ नकोस, काम कर.

तो रकाना भरून टाक. लिही: मामाच्या घरी, दाराशेजारच्या खुंटीवर, जिथे मामी पिशवी अडकवायची.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला तो दिसला. आल्या आल्या तू तिथे अडकवला असशील आणि जाताना विसरलीस. मला लगेच पाठवायला हवा होता, निदान कळवायला हवं होतं. मी नाही कळवलं. बाहेरून आलं की आधी ती खुंटी दिसते. तिच्यावर तो असला की घरात कुणीतरी आलंय, हात धुतंय, आता बाहेर येईल, असं क्षणभर वाटायचं. सव्वीस दिवस मी तसं वाटून घेतलं. पुन्हा एकदा बॅज खुंटीवर ठेवून गप्प बसलो, बघ.

या पत्राबरोबर तो पाठवतोय. गळ्यात घाल, नवा असला तरी हा एकदा घाल. ऑफिसवाले आधी तपासायला मागतील तर देऊन टाक. धुतील किंवा तुमच्याकडे हल्ली जे करतात ते करतील आणि शून्य लिहितील. त्यांना सांग, या घरातून आलेलं हे शून्य खरं आहे.

तुझा,
मामा